टोपलीवरचा उजेड

दुकानदारानं जांभळा दिवा लावून दाखवला आणि क्षमाचं डोकं सणकलं.

“दीदी, आजकल यही चल रहा है. लाल और नीला, पौधे को बस इतना ही चाहिए. नया रायपुर के फ्लैटवाले सब यही ले जाते हैं.”

“पौधे को क्या चाहिए, ये मैं बच्चों को पढ़ाती हूँ, भैया,” ती म्हणाली. “और पौधे के पास जो आदमी बैठेगा, उसका क्या?”

त्या उजेडात काउंटरवर ठेवलेला स्वतःचा हात तिला ओळखू येईना. शिरा काळ्या, नखं राखाडी. शेजारचा मनीप्लांट तर चक्क काळा दिसत होता, आणि ते साहजिकच होतं. पानांनी परत फेकायला त्यात हिरवा प्रकाशच नव्हता. रोपं वाढली असती त्या दिव्याखाली, नाही असं नाही. पण हा उजेड लावायचा होता आईच्या खोलीत, आणि आईचा चेहरा असा दिसलेला क्षमाला चालणार नव्हता. तिनं पांढऱ्या पट्ट्या मागितल्या. पिवळसर नकोत, चांगल्या थंड पांढऱ्या, भर दुपारी अंगणात पडतो तसा उजेड देणाऱ्या. दुकानदार म्हणाला, त्या तर ऑफिसात लावतात. क्षमा म्हणाली, मग माझं ऑफिस आहे असं समजा आणि काढा.

नावात क्षमा आणि नाकावर राग, असं तिच्या शाळेतले लोक तिच्या पाठीमागं म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. पण या वेळी रागाला कारण होतं. चांगलं पाच मजली कारण होतं.

समता कॉलोनीतलं ते घर तिच्या नवऱ्याच्या, सुशीलच्या वडिलांनी बांधलेलं. बैठं, मागं अंगण, आणि अंगणापलीकडे दक्षिणेला रिकामा प्लॉट. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि ज्या जमिनीवर गाई बसायच्या तिला भाव आला. त्या प्लॉटवर इमारत उठली. खाली दवाखाना, वर दवाखाना, त्याच्याही वर दवाखाना. अंगण गिळून भिंत इतकी जवळ आणली की क्षमाच्या घराचं मागचं दार चार बोटांपेक्षा जास्त उघडेना. तक्रार जिथे जिथे करायची तिथे तिनं केली. माणसं आली, फीत लावली, चहा प्याली, गेली. अंगणातली मिरची गेली, अडुळसा गेला, कढीपत्ताही गेला. मागच्या खोलीत दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येईना.

सुशील रेल्वेत, बिलासपूरला. शनिवारी यायचा, रविवार झोपून काढायचा. “छोड यार,” म्हणायचा, “भिंतीशी कुठवर भांडशील?” आणि क्षमाला भिंतीपेक्षा त्याचाच जास्त राग यायचा.

मागची खोली आईची होती. पद्मिनीबाईंचं सगळं आयुष्य रायपूरच्या जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात गेलं. भोसल्यांच्या काळात जी मराठी घरं इकडे आली, त्यांतलं त्यांचं एक. नवरा गेल्यावर क्षमानं त्यांना इथे आणलं, तर सोबत एक पत्र्याची पेटी, देव आणि एक बांबूची टोपली घेऊन आल्या. टोपली कसली हे क्षमाला विचारावं लागलं नाही. ती भोजलीची टोपली होती.

छत्तीसगडात श्रावणात बायका टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि ती टोपली अंधारात झाकून ठेवतात. ऊन लागू द्यायचं नाही. गहू उगवतो तो पिवळाधमक, हळदीत भिजवून काढल्यासारखा. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्यावर जायचं, भोजली शिरवायची, म्हणजे पाण्यात सोडायची, आणि थोडे अंकुर मुळासकट काढून घरी आणायचे. एखाद्या मैत्रिणीच्या कानामागं त्याची जुडी खोवली, तिनं तुमच्या कानामागं खोवली, की संपलं. त्या दोघी जन्माच्या भोजली. त्यानंतर एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती भोजली म्हणून, आणि भेटल्यावर एकीनं ‘सीताराम भोजली’ म्हटलं की दुसरीनं तेच म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

मराठी घरात हे खूळ शिरलं ते आईच्या लहानपणी. मागच्या गल्लीत कासाराचं घर, त्यांची पोरगी कलावती. दोन्ही घरांची मागची दारं समोरासमोर. दोघींनी परकरात असताना भोजली बदलली, आणि तेव्हापासून कलावती कधी पुढच्या दारानं आली नाही. लग्न होऊन ती गोल बाजाराजवळ राहायला गेली, आई समता कॉलोनीत आली, तरी राखीच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा करून, रिकाम्या प्लॉटातून चालत, ती मागच्याच दाराशी उभी राहायची. हाताला चिंचेचा वास. जन्मभर काशाची भांडी चिंचेनं घासून तो वास तिच्या कातडीत मुरला होता.

मागच्या वर्षी भिंत उभी राहिली आणि कलावतीला पुढून यावं लागलं. म्हातारी बैठकीतल्या सोफ्यावर परक्या घरी आल्यासारखी बसली होती. माघात ती वारली. तिच्या पोरांनी कळवलंसुद्धा नाही. दहावं-तेरावं झाल्यावर कुणाकडून तरी कानावर आलं. क्षमानं त्यांना फोन करून जे सुनावलं, ते ऐकून सुशील खोलीतून उठून गेला.

आई रडली नाही. जेवण मात्र तोडलं. मागच्या दाराकडे तोंड करून बसायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही सापडलं नाही.

“काहून असं करून राहिली तू?” क्षमानं एकदा ताट आपटलं. “कलावती गेली, तू आहेस न अजून?”

कलावती हे नाव ती मुद्दाम ठासून घेई. आईच्या तोंडाला ते वर्ज्य होतं, म्हणून हिच्या तोंडी जास्त.

“आमचं ठरलं होतं,” आई साधेपणानं म्हणाली, उद्या भाजी कोणती करायची ते सांगावं तशी. “तळ्याच्या पायरीवर बसून ठरवलं होतं. जी पहिली जाईल, ती दुसरीले न्याले येईल. ती येईल, आवाज देईल, अन् मी उत्तर देईन.”

क्षमाला त्या मेलेल्या बाईचा असा राग आला की विचारू नका. माणूस मेल्यावर तरी त्यानं दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करू नये. राग हाच तिचा हातखंडा होता. भीतीला तिनं कधी उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं.

म्हणून उजेड. आईच्या खोलीत लोखंडी मांडणी, तिच्या प्रत्येक फळीखाली पांढरी पट्टी, आणि आपोआप चालू-बंद होणारं घड्याळाचं बटण. क्षमानं सगळं स्वतः बसवलं. पानांपासून दिवा वीतभर उंच. खाली तळहात धरून बघायचा; कातडीला ऊब जाणवली तर आणखी वर घ्यायचा. उजेड दिवसभर, पण रात्री अंधार, कारण झाडालाही झोप लागते, हे ती वर्गात नेहमी सांगायची. मेथी पेरली, पालक पेरला, मिरचीची रोपं लावली. पंधरवड्यात खोली हिरवी झाली. आई मेथीवर पाणी शिंपू लागली. पोळी मागून घेऊ लागली. क्षमानं त्या पाच मजल्यांकडे बघून मनातल्या मनात अंगठा दाखवला.

मग श्रावण लागला आणि आईनं गहू मागितला.

“कोणासाठी?” क्षमा म्हणाली.

“दरवर्षी टाकतो न आपण.”

“बदलायची कोणाशी? कलावती मेली, आई. मेली ती.”

“तिनंही टाकली असेल,” आई म्हणाली.

क्षमानं गहू दिला नाही. दोन दिवसांनी पलंगाखाली झाडू घातला तर टोपली अडली. वर जुन्या लुगड्याचं फडकं. फडकं उचललं तर आत पांढरे मोड, एकमेकांना चिकटलेले, आंधळे. डब्यातला गहू आईनं केव्हा घेतला कोण जाणे. क्षमाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा खटाटोप करून या घरात उजेड आणला, आणि त्याच खोलीत, पलंगाखाली, अंधार पेरून ठेवला!

तिनं टोपली उचलली आणि मांडणीच्या मधल्या फळीवर, पट्टीच्या बरोबर खाली ठेवली.

“क्षमे, तिले उजेड नको दाखवू,” आई उठून बसली. “भोजली अंधारातच वाढवावी लागते.”

“अंधारात वाढलेलं रोप आजारी असतं. पिवळं असतं ते का देव असतो म्हणून? हरितद्रव्य नसतं म्हणून.”

“लवकर दिसते मग ती,” आई पुटपुटली. “दुरून दिसते.”

कोणाला दिसते, हे क्षमानं विचारलं नाही. आजही तिला त्याचाच राग येतो, की विचारलं नाही.

गहू जोरात आला. दोन दिवसांत हिरवागार, ताठ. आणि तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर क्षमाला दिसलं की तो झुकलाय.

रोप उजेडाकडे झुकतं. दर जुलैत ती वर्गात खोक्याला भोक पाडून हे दाखवायची. पण इथे उजेड डोक्यावर होता, सरळ वर. मेथी सरळ, पालक सरळ, मिरची सरळ. एकटा गहू मागच्या दाराकडे लवला होता, सगळाच्या सगळा, वाऱ्यानं एका बाजूला पाडल्यासारखा. त्या बाजूला लाकडी दार होतं, त्यामागं चार बोटांची फट आणि मग भिंत. उजेडाचा कवडसासुद्धा नव्हता.

पट्टी तिरकी बसली असेल. तिनं ओळंबा धरून पाहिलं; सरळ होती. टोपली अर्धी फिरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी गहू पुन्हा दाराकडे.

“तू फिरवलीस का टोपली?”

“मी हातसुद्धा नाही लावला. तू उजेडात ठेवली, तूच पाहा.”

मग मधोमध एक जागा रिकामी दिसली. चिमूटभर अंकुर मुळासकट काढलेले, आणि माती अंगठ्यानं दाबून सारखी केलेली. भोजली अशीच काढतात. क्षमा आईवर ओरडली. कामवाली शारदाबाई भांडी घासत होती, तिलाही बोलावून घेतलं. शारदाबाई म्हणाली, “मैं काहे को छुऊँगी दीदी, भोजली दाई है,” आणि देवीला जोडावेत तसे लांबूनच हात जोडून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या खोलीत झाडू मारायचं नाकारलं. क्षमानं तिच्याशीही भांडून घेतलं आणि स्वतः झाडलं. झाडताना नाकात वास भरला. आंबट, ओला. चिंचेचा.

“शारदाबाईनं देवाची भांडी इथं घासली का?” तिनं विचारलं.

आई हसली फक्त. खूप दिवसांनी हसली.

त्यानंतर दिवे जायला लागले. सगळे नव्हे. टोपलीवरची तेवढी पट्टी. वरची चालू, खालची चालू, मधली बंद. क्षमानं पट्टी काढली, पिशवीत घातली, दुकानात जाऊन काउंटरवर आपटली. दुकानदारानं ती लावली. लख्ख उजेड पडला.

“दीदी, लाइट तो चालू है.”

“घर पे बंद है!”

“तो घर में कुछ होगा.”

त्याला काय काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिनं दुसरी पट्टी घेतली. ती संध्याकाळपर्यंत टिकली. तिसरी लावली. आणि मग जे वर्गात कधी शिकवलं नव्हतं ते केलं. घड्याळाचं बटण काढून टाकलं. झाडांना झोप नाही तर नाही. या खोलीत आता अंधार म्हणून होणार नाही.

श्रावणातल्या त्या गुरुवारी ती शाळेतून लवकर आली. आई झोपली होती, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. क्षमा मिरचीची खालची पिवळी पानं खुडत होती. भिंतीपलीकडे दवाखान्याचं कसलंसं यंत्र घुमत होतं. त्या घुमण्याच्या अलीकडे, दाराला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

“सीताराम भोजली.”

थोडा घोगरा, थोडा दमलेला. उन्हातून चालत आलेल्या बाईचा.

क्षमाच्या हातातली पानं खाली पडली. दारामागं माणूस मावायला जागा नव्हती. हात घालायचा तर मनगट अडकलं असतं.

आईनं डोळे उघडले. “आवाज दिला का कोणी?”

“नाही,” क्षमा म्हणाली.

“मले वाटलं…”

“नाही दिला म्हटलं न! झोप तू.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. “तू खोटं बोलून राहिली, क्षमे. मी उत्तर नाही दिलं तर ती उभी राहील बिचारी. जाणार नाही.”

“राहू दे उभी.”

त्या संध्याकाळी तिनं कपड्यांचं लोखंडी कपाट एकटीनं ढकलत नेऊन मागच्या दाराला लावलं. फरशीवर दोन पांढरे चरे उमटले.

राखीला सुशील आला. त्याला तिनं सगळं सांगितलं, अर्थात रागाच्या भाषेत: दवाखान्यातले लोक त्रास देऊन राहिले, पाइपातून आवाज येतात, दिव्यांच्या लाइनमध्ये त्यांचीच गडबड आहे. सुशीलनं कपाट बाजूला घेतलं, दार चार बोटं उघडलं आणि टॉर्च मारला.

“इथं मांजर पण शिरणार नाही,” तो म्हणाला. मग टॉर्च खाली वळवून, “उंबऱ्यावर पाणी कुठून येते आपल्या?”

क्षमानं वाकून पाहिलं. बाहेरच्या उंबऱ्यावर एक गोल ओला डाग होता. कडेनं विणीच्या खुणा. भिजलेली टोपली टेकवली की पडतो तसा.

“एसीचं पाणी,” सुशील म्हणाला. “दुसरं काय असणार?” तरी त्यानं दार जरा घाईनंच लावलं. कपाट पुन्हा दाराला लावताना त्यानं न सांगता हात दिला. सोमवारी सकाळच्या गाडीनं तो बिलासपूरला गेला.

सोमवार म्हणजे राखीचा दुसरा दिवस. क्षमानं शाळेत रजा टाकली होती. सकाळपासून आईनं न्हाणं केलं, निळ्या काठाचं लुगडं काढलं, केसांना तेल लावून घेतलं. शांतपणे सगळं. नवीन जागी जायचं म्हणून आवराआवर करणाऱ्या माणसासारखं.

“तळ्यावर जायचं नाही,” क्षमानं बजावलं.

“मी कुठं म्हटलं जायचं?” आई म्हणाली. “ती येते दरवर्षी. मी कुठं जातो?”

“ऐक माझं. आवाज आला तरी उत्तर द्यायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

“शपथ नको घालू बाई. तिची शपथ तुह्या आधीची आहे.”

या एका वाक्यानं क्षमा पेटली. आपण पोटची पोर. आपण नोकरी करून, घर करून, दिवे आणून हिला जगवायचं, आणि हिनं एका मेलेल्या कासारणीसाठी तेल लावून, नटून बसायचं! ती खुर्ची ओढून पलंग आणि टोपलीच्या मधे बसली. मांडणीवरचे सगळे दिवे चालू होते. मधलासुद्धा. गहू दाराकडे इतका लवला होता की शेंडे टोपलीच्या काठावरून खाली लोंबत होते.

दुपारी जेवण झालं. आईनं दोन पोळ्या खाल्ल्या. चिंचेचा वास आता लपत नव्हता; तोंडात पाणी सुटावं इतका होता.

मग वीज गेली.

सगळे दिवे एकदम विझले. भरदुपारी खोलीत काळोख झाला, त्या भिंतीनं केलेला काळोख. आणि भिंतीपलीकडे दवाखान्याचं जनरेटर धडधडायला लागलं. त्यांच्याकडे उजेड होता. क्षमानं दातओठ खाल्ले.

जनरेटरच्या आवाजातही ते स्पष्ट ऐकू आलं.

“सीताराम भोजली.”

आवाज दारामागून आला नाही. कपाटाच्या अलीकडून आला.

पलंग करकरला. आई उठून बसली होती. बैठकीकडच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या राखाडी उजेडात तिचा आकार तेवढा दिसत होता. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. एका हातानं कानावरचे केस बाजूला केले, मान तिरकी केली आणि कान पुढं केला. लहान मुलगी डूल घालून घेताना करते तसा.

ती तोंड उघडणार होती.

क्षमानं झेप घेतली आणि आईच्या तोंडावर हात दाबला. आई चावली. म्हातारीचे होते नव्हते ते दात तळहातात रुतले. क्षमानं हात काढला नाही.

“सीताराम भोजली,” पुन्हा. जवळून. वाट बघून बघून रडवेला झालेला आवाज.

तो जाणार नव्हता. उत्तर मिळेपर्यंत जाणार नव्हता.

क्षमा तशीच अंधाराकडे वळली आणि होत्या नव्हत्या त्या रागानं ओरडली.

“सीताराम भोजली! झालं? मिळालं उत्तर? आता चालती हो!”

जनरेटर धडधडत होतं. खोलीत कोणी हललं नाही.

तिच्या उजव्या कानापाशी काहीतरी थंड लागलं. घामाचा थेंब असेल.

वीज आली. दिवे सगळेच्या सगळे लागले. आई होती. पलंगावर, जिवंत, डोळे उघडे, ओठांवर क्षमाच्या तळहाताचं रक्त. क्षमानं आईला मिठी मारली आणि ती मोठ्यानं हसली, कारण जिंकल्यावर माणूस दुसरं काय करणार? टोपलीतला गहू ताठ उभा होता. मेथीसारखा, पालकासारखा, सरळ वर उजेडाकडे. हिरवा, एकूणएक.

आईनं मिठी सोडवली. ती क्षमाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. किंचित बाजूला, उजवीकडे बघत होती. आणि तिच्या डोळ्यांत जो राग होता, तसा क्षमानं आपल्या आईत जन्मात पाहिला नव्हता.

“माही भोजली होती ती,” आई म्हणाली. “तुले काय काम होतं?”

क्षमाचा हात कानाकडे गेला.

जुडी होती. नीट खोवलेली, मुळासकट, मुळांना ओली माती. तिनं ती दिव्याखाली धरली. एकही पातं हिरवं नव्हतं. हळदीसारखी पिवळी, एक किरण न लागता वाढलेली.

आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रात्रीचं जेवली, नीट जेवली, पण बोलली नाही.

रात्री सुशीलचा फोन आला. आई बरी आहे, क्षमानं सांगितलं. पोळी खाते. दिवे सगळे चालू आहेत.

“चला, सुटलो,” तो म्हणाला. “अन् त्या बाईचं खूळ गेलं न डोक्यातून? त्या कासारणीचं. काय नाव होतं ग तिचं? आठवूनच नाही राहिलं मले.”

क्षमानं तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर होतं. आजवर तिनं ते ठासून ठासून घेतलं होतं.

“हॅलो? क्षमा? काय नाव होतं तिचं?”

“नाव घ्यायचं नसतं,” ती म्हणाली.